दयाघन देव आणि भक्ताचे दुःख

देवदर्शनास येणारा प्रत्येक भाविक आनंदातच येतो असे नाही. कोणी नवस फेडावयास येतो, कोणी नव्या सुनेला देवाच्या पायांवर घालण्यासाठी आणतो, कोणी पिढीजात वारीचा नेम चालवितो. परंतु त्याच दर्शनबारीत असेही कित्येक जण उभे असतात, की ज्यांच्या घरी नुकतेच काही विपरीत घडलेले असते. कर्ता मुलगा अपघातात गेलेला असतो. लेकीचा संसार मोडलेला असतो. लागोपाठ दोन वर्षे पीक बुडालेले असते. अशा भाविकाच्या मुखी देवाचे नाव असते आणि मनात एक प्रश्न असतो. देव दयाळू आहे, सर्वसमर्थ आहे, सर्वसाक्षी आहे. मग हे घडलेच कसे, आणि आपल्याच घरी का?

हा प्रश्न मनात येणे म्हणजे श्रद्धा डळमळणे होय, अशी समजूत फार जणांची असते. त्यामुळे प्रश्न मनातच दडपला जातो आणि दुःखात अपराधीपणाची भर पडते. वास्तविक हा प्रश्न आपल्या धर्मग्रंथांनी कधी टाळलेला नाही. संतांनी तर तो थेट देवालाच विचारला आहे.

ब्रह्मसूत्रांतील आक्षेप

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडलेला आढळतो. सृष्टीत कोणी अत्यंत सुखी, कोणी अत्यंत दुःखी, तर मनुष्य मध्येच कोठेतरी. अशी सृष्टी ईश्वराने निर्माण केली असेल तर त्याच्यावर दोन दोष येतात. एक वैषम्य, म्हणजे पक्षपात. दुसरा नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. श्रीमत् आद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात हा पूर्वपक्ष सौम्य न करता पूर्ण बळाने मांडला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्यास दिलेले उत्तर बहुतेकांच्या परिचयाचे आहे. ईश्वर फळ देतो ते जीवाच्या कर्मास अनुसरून देतो. आचार्यांनी पर्जन्याचा दृष्टांत दिला आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. तरी एका ठिकाणी साळी उगवते, दुसऱ्या ठिकाणी जव उगवतात. भेद बीजामुळे होतो, पावसामुळे होत नाही. यावर लगेच पुढची शंका येते. अगदी आरंभी, जेव्हा कोणाचेच कर्म नव्हते, तेव्हा भेद कोठून आला? त्यास उत्तर असे, की संसार अनादि आहे. बीज आधी की अंकुर आधी, याला जसा शेवट नाही तसाच हाही क्रम आहे.

तर्कदृष्ट्या हे उत्तर भक्कम आहे. मात्र ते ईश्वरावरील दोषाचे निवारण करण्यासाठी दिलेले आहे, हे विसरता कामा नये. शोकाकुल माणसाचे सांत्वन करणे हा त्याचा हेतूच नव्हता. वैद्यशास्त्रात रोगाचे निदान आणि रोग्याची शुश्रूषा ही दोन निराळी कामे असतात, तसेच हे आहे. नेमके हेच न ओळखल्यामुळे पुष्कळ अनर्थ होतो. ज्या घरी मूल गेले त्या घरी जाऊन, पूर्वजन्मीचे काही असेल, असे सांगणारे शेजारी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु त्या माउलीच्या काळजात ते वाक्य जन्मभर रुतून बसते.

द्रौपदीचा आक्रोश

महाभारताच्या वनपर्वात, द्वैतवनात राहत असताना द्रौपदीने हाच प्रश्न युधिष्ठिरास विचारला. धर्माने वागणारा वनात कंदमुळे खातो आणि कपटाने राज्य घेणारा सिंहासनावर बसतो, हा कोणता न्याय? विधाता आईबापांच्या मायेने वागत नाही, लहान मूल खेळण्यांशी खेळावे आणि ती मोडून टाकावीत तसा तो प्राण्यांशी खेळतो, इथपर्यंत ती बोलून गेली. युधिष्ठिराने तिला तू नास्तिकासारखे बोलतेस असे म्हटले आणि आपण धर्म आचरतो तो फळाच्या आशेने आचरीत नाही, हेही सांगितले. त्यावर द्रौपदी म्हणाली, की धर्माची किंवा ईश्वराची निंदा करण्याचा आपला हेतू नाही. आपण आर्त आहोत, म्हणून हा विलाप आहे.

आर्त हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले, त्यांत आर्ताचे नाव सर्वांत आधी घेतले आहे. जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी हे त्याच्यानंतर येतात. ज्ञानी भक्त भगवंतास विशेष प्रिय असला तरी चौघांनाही त्यांनी उदारच म्हटले आहे. दुःखाने पिळवटून देवाकडे येणारा, प्रसंगी देवावर रागावणारा मनुष्यसुद्धा भक्तांच्या पंक्तीतच बसतो, तो पंक्तीबाहेरचा ठरत नाही. द्रौपदीलाही त्या बोलण्याबद्दल कोणते शासन झाल्याचे व्यासांनी लिहिलेले नाही.

दुष्काळ आणि तुकोबाराय

या प्रश्नाचा सर्वांत कठीण अनुभव महाराष्ट्रात कोणी घेतला असेल तर तो श्रीसंत तुकाराम महाराजांनी. देहू येथील त्यांचे घराणे महाजनकीचे व सावकारीचे होते; घरात विठ्ठलाची उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ऐन तारुण्यात आईवडील निवर्तले. थोरले बंधू सावजी यांची पत्नी गेली आणि विरक्त होऊन ते तीर्थयात्रेस निघून गेले. त्यानंतर दुष्काळ आला.

इ.स. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन व गुजरात या प्रदेशांत पडलेला हा दुष्काळ इतिहासात नोंदलेला आहे. शाहजहान बादशहाच्या कारकिर्दीचा वृत्तांत लिहिणाऱ्या अब्दुल हमीद लाहोरी याने त्याचे वर्णन केले असून भाकरीसाठी लोक स्वतःस विकण्यास तयार होते आणि घेणारा कोणी नव्हता, अशी स्थिती त्यातून दिसते. या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. त्यांचा मुलगा संतोबा गेला. गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. सावकाराच्या घरातील स्त्री अन्न अन्न करीत मरावी, याची लाज आणि वेदना तुकोबांनी स्वतःच्या अभंगांत लपविलेली नाही.

पुढे तुकोबांनी मागे वळून पाहताना असे म्हटले, की देवा, दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पीडिले तेही बरे झाले. त्यामुळे तुझे चिंतन लाभले. कीर्तनांतून हा भाव वारंवार सांगितला जातो आणि श्रोते माना डोलावतात. परंतु येथे थांबून एक गोष्ट नीट पाहणे अगत्याचे आहे. तुकोबा हे ‘बरे झाले’ कोणाविषयी म्हणत आहेत? स्वतःविषयी. त्याच दुष्काळात गावातील शेकडो कुळे उद्ध्वस्त झाली होती आणि त्यांच्या कर्जाची खते तुकोबांच्या घरात होती. त्या कुळांना, तुमच्यावर आपत्ती आली हे बरेच झाले, आता नामस्मरण करा, असा उपदेश तुकोबांनी केला नाही. परंपरेने असे सांगितले जाते, की धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांच्या स्वाधीन करून स्वतःच्या वाट्याची सर्व खते त्यांनी इंद्रायणीच्या डोहात बुडविली.

दुःखातून देवाची कृपा ओळखण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्याचाच असतो. दुसऱ्याच्या दुःखाला कृपा म्हणणे किंवा कर्मफळ म्हणणे हा त्या अधिकाराचा गैरवापर होय. स्वतःच्या आपत्तीत तुकोबांनी देवाचा हात पाहिला. दुसऱ्याच्या आपत्तीत त्यांनी आपला हात पुढे केला. दयाळू देव आणि दुःखी जग यांचा मेळ संतांनी ग्रंथांतून जितका घातला, त्यापेक्षा अधिक अशा आचरणातून घातला आहे. तुकोबांच्या अनुतापाची, एकांताची, भामनाथ डोंगरावरील ध्यानाची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने बुडविलेल्या खतांची चर्चा कमीच होते. वास्तविक त्या दिवशी देहूच्या कुळांना देव दयाळू आहे याचा जो प्रत्यय आला असेल, तो कोणत्याही प्रवचनाने येण्यासारखा नव्हता.

हाच भेद भागवतातही दिसतो. पहिल्या स्कंधात कुंती श्रीकृष्णाकडे विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडत होते. तिने ती मागितली स्वतःसाठी. नवव्या स्कंधात राजा रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर मिळालेले अन्न एकामागून एक आलेल्या याचकांना देतो आणि शेवटी ओठांशी नेलेले पाणीही एका तहानलेल्या अंत्यजाला देतो. त्या वेळी तो मोक्ष मागत नाही. सर्व प्राण्यांच्या अंतरी राहून त्यांचे दुःख आपणास भोगता यावे, एवढेच मागतो. तहानेने व्याकूळ झालेला तो मनुष्य कोणत्या कर्माने तेथे आला, हे त्याने विचारले नाही.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत बहामनी राजवटीतील अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. पुढे विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बीदरला जाऊन त्या धान्याची भरपाई केली, ही कथा सर्वश्रुत आहे. ऐकणाऱ्याचे लक्ष बहुधा चमत्कारावर खिळते. कथेचा क्रम मात्र असा आहे, की आधी कोठारे उघडली गेली, तीही शिरच्छेदाची भीती पत्करून, चमत्कार त्यानंतरचा.

चोखोबांचे गाऱ्हाणे

दुष्काळ, रोगराई ही दुःखे निसर्गाकडून येतात. काही दुःखे मात्र माणसानेच माणसाला दिलेली असतात आणि त्यांवर धर्माचा शिक्का मारलेला असतो. त्या वेळी प्रश्न अधिक टोकदार होतो. श्रीसंत चोखामेळा यांच्या वाट्यास असे दुःख आले. ज्या विठ्ठलावर त्यांचे प्राण जडले होते, त्याच्या मंदिरात पाऊल टाकण्याची त्यांना मुभा नव्हती.

चोखोबांच्या अभंगांत नम्रता आहे, तसे गाऱ्हाणेही आहे. काही अभंगांत ते आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधतात. परंतु त्यांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत हा सूर राहत नाही. आम्हांला असा जन्म देऊन तुला काय मिळाले, असा जाब ते देवालाच विचारतात. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी, विटाळ देहालाच असेल तर त्यावाचून कोणाचा देह आहे, असा बिनतोड सवाल केला. हे सर्व अभंग वारकरी परंपरेने जपले आहेत. पित्याची शरणागती ठेवावी आणि पुत्राची तक्रार गाळावी, असे परंपरेने केले नाही.

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गाडले गेले. त्यांच्याबरोबर जे इतर मजूर गेले त्यांची नावे कोणासही ठाऊक नाहीत. एवढा मोठा भक्त असा का गेला, याचे स्पष्टीकरण देण्यासाठी नामदेवरायांनी ग्रंथ लिहिला नाही. ते मंगळवेढ्यास गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येई त्या त्यांनी वेचल्या आणि पंढरपुरी महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली, अशी परंपरा आहे.

मंदिराचे दार मात्र चोखोबांच्या बांधवांसाठी त्यानंतर सहाशे वर्षे बंदच राहिले. ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि त्याच वर्षी ते दार उघडले. इतकी शतके हे दुःख देवाने का राहू दिले, असे विचारता येईल. परंतु दाराला कुलूप देवाने लावलेले नव्हते, हेही तितकेच खरे. जगातील पुष्कळशा दुःखांचा हिशेब येथेच लागतो. मनुष्याला बऱ्यावाईटाची निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि त्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग झाला म्हणजे निरपराध्यासही सोसावे लागते.

श्रीज्ञानेश्वर महाराजांस हे सांगावयास नको होते. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि चारही भावंडे वाळीत पडली. तरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर त्यांनी जे पसायदान मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचे वाकडेपण जावे, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी आणि जीवाजीवांत मैत्री व्हावी, असे मागणे आहे. ज्याचे स्वतःचे घर लोकांच्या निष्ठुरपणाने उद्ध्वस्त झाले, त्याने हे मागितले, म्हणून त्या मागण्याला वजन आहे.

भूकंप आणि पाप

नैसर्गिक आपत्तीला पापाची शिक्षा म्हणण्याची सवय मोठ्यांनाही सुटलेली नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे असे म्हटले. अस्पृश्यता नष्ट व्हावी ही त्यांची तळमळ निःसंशय खरी होती. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर आक्षेप घेतला. भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, आणि सवर्णांच्या अपराधाबद्दल दलितांसह सर्वांना चिरडणारा देव न्यायी कसा म्हणावा, असा त्या आक्षेपाचा आशय होता. या वादात रवींद्रनाथांची बाजू अधिक भक्तीची होती असे म्हणावेसे वाटते. कारण देवाच्या चांगुलपणाची चाड त्यांनी राखली.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणरायाचे विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारोंचे बळी गेले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचे अवजड माळवद, अशा घरांमुळे प्राणहानी एवढी वाढली. जी माणसे काही तासांपूर्वी देवाचा जयघोष करीत होती, त्यांना देवाने शासन केले, असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटावी? त्या पहाटेनंतर राज्यभरातून धान्य, वस्त्रे, औषधे व स्वयंसेवक तेथे पोहोचले, गावे नव्याने वसविली गेली आणि भूकंपात टिकतील अशी घरे बांधण्याचे शास्त्र गवंड्यांपर्यंत गेले.

याचा अर्थ प्रत्येक दुःखाचे कारण सापडते असा नाही. निष्पाप बालकाला असाध्य व्याधी का व्हावी, याचे समाधानकारक उत्तर कर्मसिद्धान्तानेही आईच्या मनाला पटेल असे देता येत नाही. संत तेथे मौन पाळतात किंवा देवाशी भांडतात. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्याशाप दिले, नामदेवांनी त्याच्याशी अबोला धरला. रागावून का होईना, ते देवाशीच बोलत राहिले.

नवसाविषयी थोडेसे

भाविकांच्या मनातील एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट आहे. नवस फेडावयाचा राहिला म्हणून घरात आजारपण आले, अभिषेक चुकला म्हणून देव कोपला, असे सांगणारे लोक सर्वच क्षेत्रांत भेटतात. सामान्य मनुष्यदेखील ऋण फिटले नाही म्हणून ऋणकोच्या लेकराला इजा करीत नाही. मग देवाविषयी असे बोलणे ही त्याची निंदाच होय. देवापुढे ठेवलेली दक्षिणा म्हणजे संकट टाळण्याचा विमा नव्हे. अन्नछत्रास दिलेल्या शिध्यातून भुकेल्याच्या पानावर भात पडतो, रुग्णसेवेस दिलेल्या देणगीतून कोणाचे औषध येते. तुकोबांनी खते बुडविली तेव्हा त्यांनीही देवाकडे पावती मागितली नव्हती. आजारी माणसाने अंगारा श्रद्धेने अवश्य लावावा, वैद्याचे औषध मात्र थांबवू नये.

दर्शनार्थींसाठी

वरील विवेचनातील स्थळे भाविकांना यात्रेत पाहता येतात. देहू येथे इंद्रायणीचा डोह आहे, तर तुकोबांच्या ध्यानाचा भामचंद्र डोंगर चाकणच्या बाजूस आहे. नेवासे येथे प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी ज्याला टेकून सांगितली असे मानतात तो पैस खांब आहे. मंगळवेढ्यास श्रीसंत दामाजीपंतांचे मंदिर आहे. पंढरपुरी महाद्वारासमोर चोखोबांची समाधी असून समोरच श्रीनामदेव पायरी आहे. वारकरी आधी या दोहोंपुढे मस्तक टेकवितात आणि मग विठुरायाच्या दर्शनास जातात.